चंद्राची तारीख आणि मन्रोचे बेट

दिनदर्शिकेतली इंग्रजी तारीख बघून खाडीकाठचा माणूस पाण्यात उतरत नाही. आमच्या कोकणात खालच्या मोहल्ल्यातल्या जुन्या बायकासुद्धा चंद्राची तारीख मोजून सांगत, की आज पाणी कुठल्या पायरीपर्यंत येणार. चंद्राची पहिली, दुसरी, तिसरी आणि पुन्हा चौदा ते सतरा, हे उधाणाचे दिवस. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले की दोघांची ओढ एक होते आणि भरती नेहमीपेक्षा वर चढते. आठ-नऊच्या आणि बावीस-तेवीसच्या सुमाराला ही ओढ दोन दिशांना वाटली जाते, पाणी मंदावते, त्याला भांग म्हणतात. ज्या घरात अय्यामे बीजचे, म्हणजे तेरा, चौदा, पंधराचे नफिल रोजे ठेवले जातात, त्या घराला उधाणासाठी वेगळी दिनदर्शिका लागत नाही. रोजे संपता संपता पाणी चढू लागते.

हे एवढे सांगण्याचे कारण असे, की यंदाच्या हिवाळी सुट्टीत आम्ही जिथे होडीत बसलो, तिथे पाहुणा आणि घरमालक दोघेही चंद्राची तारीख विचारतात. पाहुणा विचारतो होडी पुलाखालून जाईल की नाही म्हणून. घरमालक विचारतो, चूल उचलून टेबलावर ठेवायची की नाही म्हणून.

ठिकाण आहे केरळातल्या कोल्लम शहराजवळचे अष्टमुडी. समुद्राला लागून पसरलेल्या अशा खाऱ्या-गोड्या पाण्याच्या तळ्याला मल्याळममध्ये कायल म्हणतात. अष्टमुडी म्हणजे आठ शेंड्यांचे. जमिनीत आठ दिशांना घुसलेले आठ फाटे. पसारा सुमारे 61 चौरस किलोमीटरचा. केरळात वेंबनाडनंतर मोठे हेच. 2002 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत याचे नाव गेले. एका बाजूला नींडकरा येथे तोंड समुद्राला उघडते, दुसऱ्या बाजूने कल्लडा नदी डोंगरातले गोडे पाणी आणून ओतते. सूरह फुरकान आणि सूरह रहमान यांत दोन पाण्यांचा उल्लेख आपण सगळेच तिलावतीत वाचतो. इथे नावाडी ओंजळीत पाणी घेऊन चाखायला सांगतो. नदीकडच्या बाजूला ते मचूळ लागते, पुढे गेल्यावर खारट. आमच्या अम्मींनी चाखले नाही, बोट बुडवून फक्त "सुब्हानअल्लाह" म्हटले.

कल्लडा नदी कायलला मिळते तिथे तिने हजारो पावसाळ्यांत गाळ टाकून बेटांचा एक झुपका केला आहे. त्याचे नाव मन्रो तुरुत्त. तुरुत्त म्हणजे बेट. मन्रो म्हणजे कर्नल जॉन मन्रो, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोर संस्थानात असलेला इंग्रज रेसिडेंट. इतिहासाच्या पुस्तकात रयतवारीसाठी जो थॉमस मन्रो येतो तो हा नव्हे. आठवीची मुले दोघांची गल्लत करतात म्हणून सांगितले. बेटांमधून माणसांनी खोदलेले अरुंद कालवे आहेत. काही इतके अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही काठांचे गवत बोटांना लागावे. अशा कालव्यांतून बांबूच्या काठीने ढकलल्या जाणाऱ्या होडीत दोन-तीन तासांची फेरी, बरोबर गावातलाच माहीतगार नावाडी, ही तिथली सहल. इंजिन नाही, गाणी नाहीत.

प्रवासाचे थोडक्यात. रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेस घेतली की एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग गेल्यावर कोल्लम येते. आम्ही सहा जण होतो: अम्मी, आम्ही उभयता, धाकटा भाऊ, त्याची घाटावरची बेगम आणि आमची आठवीतली मुलगी. मुक्काम कोल्लमात.

कोल्लमविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. अरब व्यापाऱ्यांचे हे नवव्या शतकापासूनचे ओळखीचे बंदर. 849 साली इथल्या एका चर्चला दिलेल्या दानाचे ताम्रपट आहेत, त्यांवर साक्षीदारांच्या सह्या कूफी वळणाच्या अरबी लिपीतही आहेत. चर्चला दान, दान देणारा हिंदू राज्यकर्ता, आणि साक्षीला मुसलमान व्यापारी. या एका कागदावर, म्हणजे तांब्यावर, त्या काळचे बंदर कसे चालत असेल ते दिसते. पुढे चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला तो फार वाईट दिवसांत. मुहम्मद बिन तुघलकाने चीनच्या बादशाहासाठी पाठवलेला नजराणा घेऊन तो कालिकतहून निघणार होता. जुम्याची नमाज किनाऱ्यावर पढून मग जहाजावर चढू, म्हणून तो मागे राहिला. रात्री वादळ झाले, नजराण्याचे जहाज फुटले, आणि ज्या छोट्या जहाजावर त्याचे स्वतःचे सामान नि माणसे होती ते त्याला तसेच सोडून निघून गेले. हातात दहा दीनार आणि निजायची सतरंजी. ते जहाज कोल्लमला थांबेल या आशेने तो केरळातल्या याच आतल्या पाण्यांतून होडीने कोल्लमला आला. दिवसा प्रवास करायचा आणि संध्याकाळी काठावरच्या गावात उतरायचे, असा क्रम होता. जहाज काही आले नाही. तरी कोल्लमच्या बाजारपेठेची आणि तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांची तारीफ त्याने केली आहे. सर्वस्व गेलेल्या माणसाने शहराची तारीफ करावी, याचे आम्हाला त्या प्रवासवर्णनातल्या कुठल्याही अद्‌भुतापेक्षा जास्त नवल वाटते.

त्याच शहरात बंदराकडच्या बाजूला जोनकप्पुरम ही मुसलमानांची जुनी वस्ती आहे. पहाटे तिथल्या मशिदीत गेलो. उर्दूचा तिथे काही उपयोग नाही. जुन्या धार्मिक किताबी अरबी लिपीत असल्या तरी भाषा मल्याळम, त्यामुळे अक्षर लागते आणि अर्थ लागत नाही. उर्दू शिकवणाऱ्याची अशी फजिती मजेशीर असते. पण फजरच्या दुसऱ्या रकअतीत रुकूनंतर इमामसाहेबांनी हात उचलून कुनूत सुरू केली आणि भाऊ नमाजेनंतर म्हणाला, "भाई, हे तर आपल्याच गावासारखे." तसेच आहे. कोकणातले मुसलमान आणि मलबारचे मापिला दोघेही शाफई. हा धागा समुद्रानेच विणला आहे. दिल्लीच्या रस्त्याने आला असता तर तो हनफी असता.

सकाळच्या पॅसेंजर गाडीने मन्रोतुरुत्त नावाच्याच छोट्या स्थानकावर उतरता येते. वाटेत पेरुमणचा पूल लागतो. 8 जुलै 1988 रोजी आयलँड एक्सप्रेसचे डबे याच पुलावरून अष्टमुडीत पडले आणि 105 माणसे गेली. डब्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पूल आला तसे खिडकीबाहेर पाहून डोळे मिटले. आम्हाला भाषा येत नव्हती, पण विचारण्यासारखे काही नव्हतेही.

नावाडी स्थानकावर घ्यायला आला होता. पन्नाशीचा, सावळा, लुंगी अर्धी दुमडलेली. हिंदी बोलतो हे पाहून अम्मींना हायसे वाटले. हिंदी कुठे शिकलात, तर म्हणाला, दम्माममध्ये. नऊ वर्षे होतो, खोलीत रत्नागिरीकडचे दोघे होते. मग काय, अम्मींनी त्या दोघांची गावे विचारली, आडनावे विचारली, नाते लागते का ते पाहिले. लागले नाही, पण होडीत बसण्याआधीच ओळख झाली. केरळात मास्तरांना 'माष' म्हणतात. आम्ही काय करतो ते कळल्यावर तो दिवसभर आम्हाला माष म्हणत राहिला.

होडीत पाय ठेवण्याआधी त्याने सगळ्यांना लाइफ जॅकेट दिली. भावजय बुरख्यावर ते नारिंगी जॅकेट घालायला कुरकुरू लागली, तेव्हा त्याने फक्त "तानूर" एवढेच म्हटले. 7 मे 2023 रोजी मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला संध्याकाळी क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली एक पर्यटक होडी उलटली. बावीस जण गेले, त्यांत एकाच मुस्लिम कुटुंबातली अकरा माणसे होती, बायका आणि लेकरे. ईदच्या महिन्यातले दिवस, शाळांना सुट्ट्या, आपण जसे निघतो तसेच निघालेले लोक. भावजयीने जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले. वाचकांना सांगणे इतकेच, की कुठल्याही खाडीत, कुठल्याही होडीत, जॅकेट नसेल तर परत फिरावे. बुरख्यावर ते चांगले दिसत नाही, हे खरे आहे.

अम्मींनी नूह अलैहिस्सलामनी कश्तीत चढताना पढलेली, सूरह हूदमधली दुआ पढली. होडी सरकली.

पहिला अर्धा तास आम्ही कोणीच फारसे बोललो नाही. दोन्ही बाजूंनी माड पाण्यावर वाकलेले, त्यांच्यामधून उन्हाचे तुकडे. खंड्या पक्षी तारेवर. काठाला कांदळाची रोपे लावलेली, त्यांची मुळे कोळ्याच्या पायांसारखी चिखलात रोवलेली. एका ठिकाणी नारळाची सोडणे पाण्यात बुडवून ठेवली होती. काथ्या सुटा व्हायला ती महिनोन्‌महिने खाऱ्या-गोड्या पाण्यात कुजवावी लागतात. तिथे कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मुलीने नाकाला ओढणी लावली. पुढच्या वळणावर दोन बायका चरख्यासारख्या यंत्रावर त्याच काथ्याची दोरी वळत होत्या. एक चाक फिरवते, दुसरी कमरेला काथ्याचा भारा बांधून मागे मागे चालत जाते आणि तिच्या बोटांतून दोरी निघत राहते. अम्मींनी होडी थांबवायला लावली. आमच्या आजीला सुंभ वळता येत असे. बाईंनी हसून काथ्याचा झुपका अम्मींच्या हातात दिला, अम्मींनी मांडीवर ठेवून चार वीत दोरी वळून दाखवली. भाषा एकही शब्दाची नाही. तासभर तिथेच गेला असता.

त्यानंतर कालवा अरुंद झाला आणि घरे जवळ आली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. होडीतून बघताना हा कालवा आपल्याला पाणरस्ता वाटतो. पण काठावर राहणाऱ्याला तो परसदार आहे. होडी स्वयंपाकघराच्या दारापासून तीन हातांवरून जाते. कोणी भांडी घासत असते, कोणी लेकराला आंघोळ घालत असते, कोणी केस विंचरत असते. आणि त्या दिवशी चंद्राची सोळा तारीख होती, पाणी चढत होते. एका घराच्या अंगणात कालव्याचेच पाणी घोटाभर उभे होते. दारापासून रस्त्यापर्यंत विटा मांडून वाट केलेली. भिंतीवर कमरेच्या खाली पांढऱ्या क्षाराची रेघ, तिच्याखाली गिलावा पापुद्रे सुटून पडलेला. एक बाई साडी वर खोचून पाण्यातून शेगडी उचलून आत नेत होती. भावाने मोबाइल वर केला. दृश्य खरोखर तसे होते, वरून माडांची सावली, खाली चकाकते पाणी. भावजयीने त्याचा हात खाली दाबला आणि म्हणाली, "आपल्या अंगणात कोणी असा काढलेला चालेल का?" सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरी जाण्याआधी इजाजत घेण्याचा हुकूम आहे तो दाराने जाणाऱ्याला आहे, की पाण्याने जाणाऱ्यालाही आहे, यावर त्या दोघांत पुढची दहा मिनिटे कुजबूज चालली. आमचे मत भावजयीच्या बाजूने. नावाडी काही बोलला नाही. त्याने काठीने होडी जरा पलीकडच्या काठाला लावली आणि बाईंना हाक मारून मल्याळममध्ये काहीतरी विचारले. त्यांनी उत्तर दिले, हसल्याही.

"काय म्हणाल्या?"

"विचारले, किती पाणी आत आले. म्हणाली, अजून चटईपर्यंत नाही."

तिथून पुढे त्याने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. त्याच्या वडिलांच्या वेळी इथे भात होत असे. पावसाळ्यात कल्लडाला पूर यायचा आणि पुराबरोबर डोंगराचा गाळ. तो गाळ होड्यांनी काढून शेतावर, माडांच्या बुंध्याशी, अंगणात घालायचा. दर वर्षी बेट वीतभर का होईना उचलले जायचे. पुराला लोक घाबरत नसत, वाट बघत. मग वर तेन्मला येथे धरण झाले. 1986 पासून नदीचा गाळ धरणाच्या भिंतीआड थांबू लागला. खाली नदीच्या पात्रातून बांधकामासाठी वाळूही उपसली गेली. बेट जसे होते तिथेच राहिले, उलट दबत गेले. आणि समुद्राचे पाणी मात्र वर येत राहिले. 2004 च्या त्सुनामीनंतर उधाणाचे पाणी जास्त आत यायला लागले, असे गावातले सगळे सांगतात. काहींचा राग रेल्वेवर आहे, गाड्यांच्या हादऱ्याने मऊ जमीन बसते म्हणून. कारण एकच नसावे. पण गाळ थांबला ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत पटली, कारण ती नदीमुखाच्या कुठल्याही बेटाला लागू पडते. असे बेट म्हणजे जमीन नव्हे, नदी रोज भरत असलेला हप्ता आहे. हप्ता चुकला की समुद्र जप्तीला येतो.

कोकणातल्या वाचकाला हे ऐकून प्रश्न पडेल, की उधाणाला पाणी चढते किती? कोल्लमच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणालाही मीटरभराच्या आसपास. मुंबईत तो चार मीटरच्या वर जातो. आमची मुलगी म्हणाली, "एवढेच?" एवढेच. पण अंगण पाण्यापासून हातभरच उंच असेल तर मीटर पुष्कळ झाला. आपल्याकडे खाडीचे काठ उंच, आणि जिथे सखल तिथे पूर्वजांनी खारबंदिस्ती केली. रायगडाकडे बांधाआतल्या शेतकऱ्यांची जोळ असे. ज्याचे शेत आत, त्याने बांधावर माती टाकायला यायचे. 1979 च्या खारजमीन कायद्यानंतर कितीतरी बांध सरकारी योजनेत गेले आणि माती टाकायची ती सवय सुटत गेली. उघाडीचे दार एकदा मोडले की खारे पाणी एका उधाणात आत शिरते आणि ते शेत पुन्हा भाताला लावायला अनेक पावसाळे जावे लागतात. आमच्या पंचक्रोशीत अशी शेते आहेत. आता त्यांत कांदळ उगवले आहे. आम्ही हे नावाड्याला सांगितले. त्याने काठी थांबवून विचारले, "मग लोक कुठे गेले?" आम्ही म्हटले, मुंब्र्याला, आणि तुमच्या दम्मामला.

तो हसला, मग म्हणाला, इथलेही गेले. कितीतरी घरांना कुलपे आहेत. जे पक्के बांधून राहिले त्यांची घरे वजनाने बसतात. संडासाचा सर्वांत मोठा त्रास, तो बायकांना. त्याच्या मुलाचे लग्न दोनदा ठरता ठरता राहिले. मुलीकडचे बघायला आले ते उधाणाच्या दिवशी. तिसऱ्यांदा त्याने चंद्र बघून तारीख दिली. ते जमले. हे सांगताना त्याचा चेहरा असा मिश्कील झाला की आम्हीही हसलो, आणि मग थोडे ओशाळलो. नात आता पहिलीत आहे. उधाण असेल तेव्हा ती बूट हातात घेऊन निघते, पक्क्या रस्त्यावरच्या दुकानात पाय धुऊन बूट घालते. दुकानदाराने तिथे एक बादली ठेवली आहे, अशा सगळ्या मुलांसाठी.

वर्गात उशिरा आलेल्या मुलाला आपण पहिले काय विचारतो, ते मास्तरांना माहीत असते. त्या बादलीजवळ उभे राहून तो प्रश्न कसा ऐकू येईल, याचा विचार आम्ही बराच वेळ करत होतो.

आम्ही विचारले, या होड्यांचे पर्यटन नसते तर? तो म्हणाला, तर मीही कुलूप लावले असते. भात गेला, माडांचे उत्पन्न क्षाराने घटले, काथ्याला भाव नाही. दिवसाला एक-दोन फेऱ्या मिळाल्या तर घर चालते. लोक बुडणारे बेट बघायला येतात, ते आम्हाला ठाऊक आहे, येऊ देत. फक्त मोठ्याने बोलू नयेत, आणि बाटल्या पाण्यात टाकू नयेत. त्याच्या होडीत एक गोणी होती. फेरीत दिसेल ती प्लास्टिकची बाटली तो काठीने ओढून तिच्यात टाकत होता. आम्ही उतरलो तोवर गोणी अर्धी भरली होती.

परतीच्या वाटेवर पुलांची गंमत झाली. कालव्यांवर काँक्रीटचे बुटके पादचारी पूल आहेत. जाताना ज्याच्याखालून मान वाकवून गेलो, येताना पाणी चढल्यामुळे त्याच्याखाली होडीत आडवे पडावे लागले असते. अम्मी सत्तरीच्या, गुडघे दुखरे. नावाड्याने बघितले आणि काही न बोलता लांबचा फाटा घेतला, त्यामुळे कायलचा उघडा विस्तार दिसला. चिनी जाळी, म्हणजे लाकडी वासांवर तोललेली ती मोठी चौकोनी जाळी, आणि कंबरभर पाण्यात उभे राहून पायांनी चाचपून शिंपले काढणारी माणसे. ही आपल्या तिसऱ्यांचीच भावंडे. अष्टमुडीचे शिंपले परदेशी जाऊ लागले तसे लोकांनी इतके उपसले, की 1991 मध्ये वर्षाला दहा हजार टनांवर गेलेले उत्पादन दोनच वर्षांत निम्म्यावर आले. मग कोळ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी बसून नियम केले: डिसेंबर ते फेब्रुवारी हा पैदाशीचा काळ, तेव्हा या जातीला हात लावायचा नाही, जाळीची भोके मोठी ठेवायची, म्हणजे लहान शिंपले सुटतात. नियम पाळले गेले. 2014 मध्ये टिकाऊ मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी ही भारतातली पहिली मासेमारी ठरली. आम्ही गेलो तो डिसेंबर होता, म्हणून नावाड्याला विचारले, मग हे लोक काय काढताहेत? म्हणाला, ती दुसरी जात, आणि घरच्या कालवणापुरती.

जेवण त्याच्याच घरी सांगितले होते. भात, नारळाच्या दुधातली करिमीन, म्हणजे गोव्याकडे जिला काळुंद्र म्हणतात ती मासळी, आणि त्या शिंपल्यांचे सुके. इथे आमच्या घरातला जुना वाद पाण्यावर तरंगून आला. आम्ही शाफई, आम्हाला समुद्रातले सगळे हलाल. भावजय हनफी, त्यांच्याकडे पाण्यातली फक्त मासळी चालते, शिंपले नाहीत. लग्नाला अकरा वर्षे झाली, तिने आमच्या घरी तिसऱ्या शिजवल्या आहेत, उत्तम शिजवते, पण चाखलेल्या नाहीत. मीठ बघायला अम्मींना बोलावते. नावाड्याच्या बायकोला हे हिंदीत समजावणे अवघड होते. नावाड्याने तिला मल्याळममध्ये काय सांगितले कोण जाणे, तिने भावजयीच्या ताटात दुसरी आख्खी करिमीन वाढली आणि तिच्या वाटणीचे शिंपले आमच्या मुलीला. जोहर आणि असर आम्ही त्यांच्याच ओसरीवर कसर करून, एकत्र पढलो. बाईंनी धुतलेली चटई आणून दिली आणि किबला कुठे ते विचारायच्या आधीच नावाड्याने कायलकडे बोट केले. त्याच्याकडे पाहुणे येतात त्यांतले बरेच मलबारचे असतात, म्हणून त्याला पाठ.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा बरी असते, पण उधाणही याच महिन्यांत आत शिरते. म्हातारी माणसे बरोबर असतील तर चंद्राची सात ते दहा किंवा बावीस ते पंचवीस यांतला दिवस धरावा, पुलांखालून बसल्या बसल्या जाता येते. सकाळी लवकर निघावे. भाडे आणि किती तास, हे आधी ठरवून घ्यावे. गावातलाच नावाडी घ्यावा. पाण्याची बाटली घरून न्यावी आणि परत आणावी. फोटो पाण्याचे, माडांचे, पक्ष्यांचे हवे तितके काढावेत.

निघताना अम्मींनी दोरी वळणाऱ्या त्या बायकांकडून विहिरीसाठी वीस वाव काथ्याची दोरी घेतली. मोजून घेतली, आणि एक वाव जास्त मागितली. नायलॉनच्या दोरीने हात कापतात, असे त्या घरी रोजच म्हणतात. ती दोरी पिशवीत मावेना, म्हणून भावाने खांद्यावर घेतली आणि तसाच मन्रोतुरुत्तच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभा राहिला.